काचेच्या घरातील पावसाळा

झाडाला पाणी घालावे लागते, हे ज्ञान शेतीइतकेच जुने आहे. आळे करावे, पाट काढावा, मोट हाकावी आणि मुळांशी ओल टिकवावी, हे मनुष्य हजारो वर्षे करीत आला. परंतु मुळाशी जसे पाणी हवे, तसे ते पानाभोवतीच्या हवेतही हवे. आणि चार भिंतींच्या आत झाड वाढवायचे झाले तर हवेतल्या या पाण्याची तजवीज माणसालाच करावी लागते, हे युरोपातील बागाइतदारांना समजायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. या ज्ञानाची किंमत हजारो दुर्मिळ वनस्पतींनी आपल्या प्राणांनी चुकती केली. हा इतिहास मुख्यतः इंग्लंडमधील काचघरांत घडला. पण त्याचे धागे खासी टेकड्यांपर्यंत, निलगिरीपर्यंत आणि महाबळेश्वरच्या लिंगमळ्यापर्यंत येऊन पोचतात.

आरंभ करावा लागतो तो स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकापासून. वनस्पती पाणी किती पिते आणि किती सोडते, हे त्याने तराजूने तोलून पाहिले. एका सूर्यफुलाची कुंडी त्याने शिशाच्या पातळ पत्र्याने झाकून टाकली, म्हणजे मातीतील पाणी परस्पर उडून जाऊ नये. आणि मग ती कुंडी सकाळ-संध्याकाळ तोलली. दिवसाच्या बारा तासांत ते एकटे झाड सरासरी वीस औंस, म्हणजे अर्ध्या किलोग्रॅमहून काहीसे अधिक पाणी पानांवाटे हवेत सोडीत होते. १७२७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हेल्सने हे प्रयोग नोंदले. झाड हे पाण्याचा साठा नसून पाण्याचा वाहता ओघ आहे, हे त्यातून दिसून आले. मुळे पाणी ओढतात, खोड ते वर नेते आणि पानांवरील असंख्य सूक्ष्म रंध्रे त्याची वाफ करून बाहेर सोडतात. हवा कोरडी असेल तर हा ओघ अतिवेगाने वाहतो आणि मुळांचा पुरवठा कमी पडून पान कोमेजते. उलट, हवा बाष्पाने काठोकाठ भरलेली असेल तर ओघ थांबतो, आणि त्याबरोबर मुळांकडून वर येणारी क्षारांची रसदही मंदावते. या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी वनस्पतीचे सुख आहे.

हेल्सचे हे तत्त्व माळ्यांच्या हाती पोचण्यास मात्र फार काळ लागला. अठराव्या शतकात युरोपातील श्रीमंतांना अननस, लिंबू, केळ अशा उष्ण प्रदेशांतील फळझाडांची हौस लागली होती. त्यांच्यासाठी विटांच्या भिंतींची आणि एका बाजूने काचेची घरे बांधली जात. भिंतींच्या पोकळीतून भट्टीचा धूर खेळवून ती तापवीत. अशा घराला इंग्रजीत ‘स्टोव्ह’ म्हणजे शेगडी असेच नाव पडले होते, आणि ते सार्थ होते. कारण आत जे काही होते ते शेगडीवरच्या कढईसारखे भाजून निघत असे. थंडीच्या देशातील वनस्पतीला ऊब दिली की काम भागले, अशी त्या काळची समजूत होती.

यात चूक कोठे होती ते थोड्या हिशेबाने कळते. शून्य अंश सेल्सिअस तपमानाच्या एक घनमीटर हवेत फार तर पाच ग्रॅम बाष्प मावते. पंचवीस अंशांच्या हवेत तेवीस ग्रॅम आणि तीस अंशांच्या हवेत सुमारे तीस ग्रॅम मावते. हिवाळ्यात बाहेरची धुक्याने भरलेली, बोटाला ओलसर लागणारी हवा आत घेऊन ती पंचवीस अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यातील पाणी तेवढेच राहते; पण तिची तहान मात्र जवळजवळ पाचपट होते. तीच हवा आता एकपंचमांश भरलेली आणि चारपंचमांश रिकामी असते, आणि ही रिकामी जागा ती समोर सापडेल त्या पानातून भरून काढते. लंडनच्या ओल्या हिवाळ्यात माळी आपल्या नकळत वाळवंट निर्माण करीत होता. तपमापक त्याच्या भिंतीवर टांगलेला असे, आर्द्रतामापक नसे.

आर्द्रता मोजण्याचे साधन नव्हते असे नाही. जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने माणसाचा केस दमट हवेत लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो या गुणाचा उपयोग करून १७८३ सालीच आर्द्रतामापकाची माहिती प्रसिद्ध केली होती. परंतु हे साधन बागेत नेण्याचे श्रेय जॉन फ्रेडरिक डॅनिएल या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाकडे जाते. दव पडण्याच्या बिंदूवरून हवेतील बाष्प मोजणारे यंत्र त्याने १८२० साली तयार केले होते. १८२४ साली त्याने लंडनच्या उद्यानविद्या संस्थेपुढे कृत्रिम हवामानावर एक निबंध मांडला. काचघरात ऊब असते पण ओल नसते, आणि झाडे मरतात ती या अभावानेच, हे त्याने दाखवून दिले. संस्थेने त्याला रौप्यपदक दिले, आणि काचघरांची व्यवस्था खरोखरच पालटली. जमिनीवर पाणी शिंपडले जाऊ लागले, तापलेल्या नळांवर पाण्याची भांडी बसली, आणि धुराच्या पोकळ भिंतींऐवजी वाफेचे व पुढे गरम पाण्याचे नळ आले. लंडनजवळ हॅकनी येथे लॉडिजेस कुटुंबाची प्रसिद्ध रोपवाटिका होती. तेथील ताडगृहात छताखालून बारीक छिद्रांच्या नळ्या फिरवून कृत्रिम पावसाची सोय केलेली होती. माळ्याने तोटी फिरवताच काचेच्या छपराखाली झिमझिम सुरू होई.

येथपर्यंत हा इतिहास निखळ प्रगतीचा आहे. परंतु कोरडेपणाचे पाप ध्यानात येताच लोक ओलीच्या इतके आहारी गेले की एका चुकीतून दुसरी चूक जन्मास आली.

या दुसऱ्या चुकीचे बळी ठरली ती ऑर्किडे. आमर कुलातील या वनस्पती. आपल्या सह्याद्रीत आंब्या-जांभळाच्या फांद्यांवर ‘सीतेची वेणी’ फुललेली अनेकांनी पाहिली असेल. ही वनस्पती झाडावर राहते, पण बांडगुळासारखी झाडाचा रस शोषीत नाही. फांदीचा केवळ आधार घेऊन ती उघड्या मुळांनी पाऊस आणि दव टिपते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अशा ऑर्किडांचे इंग्लंडमध्ये वेड पसरले. लॉडिजेस यांनी १८१२ च्या सुमारास त्यांची व्यापारी जोपासना सुरू केली. जहाजे भरभरून ऑर्किडे येऊ लागली. ती वाढवायची कशी, असा प्रश्न पडताच त्या काळचा अधिकारी वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली याने १८३० साली मत दिले की, भरपूर उष्णता, गडद सावली आणि कायमची ओल हेच त्यांच्या संवर्धनाचे रहस्य होय. उष्ण कटिबंध म्हणजे सदैव वाफाळणारे अंधारे अरण्य, असे चित्र त्यामागे होते. ते त्या काळच्या बहुतेक सुशिक्षितांच्या मनात असे.

मग दारे-खिडक्या गच्च बंद झाल्या. तापलेल्या नळांवर पाणी ओतले जाई आणि काचघरात शिरणाऱ्याला समोरचा माणूस दिसू नये इतकी वाफ कोंडली जाई. ऑर्किडांची मुळे कुजली, पानांवर बुरशी चढली. डोंगरमाथ्यावरच्या, थंड वाऱ्याच्या प्रदेशातून आलेल्या वनस्पती तर काही आठवड्यांत संपल्या. त्यांच्या जागी नव्या मागवल्या जात, आणि त्याही त्याच वाटेने जात. उष्ण प्रदेशांतील ऑर्किडांचे इंग्लंड हे थडगेच होते, असे पुढे त्या काळाविषयी म्हटले गेले ते याचमुळे. त्या थडग्यात नेमकी किती झाडे गाडली गेली याचा हिशेब कोणी ठेवला नाही; पण त्यांच्यासाठी दूरदेशीची अरण्ये ओरबाडली गेली, हे निश्चित.

काचघरात पोचून मरणाऱ्या वनस्पती तरी भाग्यवानच म्हणायच्या. कारण बहुतेक तर वाटेतच मरत. मकाव येथील जॉन लिव्हिंगस्टन या इंग्रज वैद्याने १८१९ साली उद्यानविद्या संस्थेला असे कळविले होते की, चीनमधून पाठविलेल्या हजार झाडांपैकी एखादेच इंग्लंडला जिवंत पोचते. सहा-सहा महिन्यांचा प्रवास, डेकवरचा खारा वारा आणि गोड्या पाण्याचे दुर्भिक्ष यांपुढे रोपांचा निभाव लागत नसे.

या प्रश्नाचे उत्तर सापडले ते एका बाटलीत, आणि तेही अकल्पितपणे. नॅथनिएल बॅगशॉ वॉर्ड हा लंडनच्या पूर्व भागातील गोदी-गिरण्यांच्या धुरकट वस्तीत वैद्यकी करणारा डॉक्टर होता. त्याला नेचे लावण्याची हौस होती. पण कोळशाच्या धुराने त्याचे नेचे जगत नसत. १८२९ साली त्याने एका पतंगाचा कोश ओलसर मातीत पुरून तो झाकणाच्या बाटलीत ठेवला. काही दिवसांनी त्याला दिसले की, दिवसा मातीतील ओल वर चढते, काचेवर थेंब होऊन जमते आणि पुन्हा खाली उतरून मातीला मिळते. पतंगापेक्षा आश्चर्याची गोष्ट म्हणजे त्या मातीत एक नेचा आणि गवताचे एक पाते उगवले. अंगणात जे नेचे तगत नव्हते, ते बाटलीत वर्षानुवर्षे टिकले. आणि त्यांना पाण्याचा थेंबही घालावा लागला नाही.

वॉर्डच्या आधीही कोणाच्या ना कोणाच्या बाटलीत असे घडलेच असेल. त्याचे मोठेपण हे की, त्याने त्याचा अर्थ ओळखला. इतर लोक हवेला पाणी कसे घालावे या विवंचनेत होते; असलेले पाणी जाऊ न देणे, हा त्याने शोधलेला मार्ग. त्याने लाकडी तळाच्या आणि उतरत्या काचेच्या छपराच्या मजबूत पेट्या करविल्या. १८३३ साली अशा दोन पेट्या नेचे, शेवाळ आणि गवत भरून लंडनहून सिडनीला निघाल्या. वाटेत त्या उघडल्या नाहीत, तरी झाडे टवटवीत पोचली. खरी कसोटी परतीच्या प्रवासाची होती. १८३४ साली ऑस्ट्रेलियातील वनस्पती भरून त्याच पेट्या केप हॉर्नला वळसा घालून निघाल्या. तेथे डेकवर बर्फ साचले. पुढे विषुववृत्तावर उन्हाचा कहर झाला. तरीही लंडनच्या गोदीत वॉर्ड आणि त्याचा मित्र जॉर्ज लॉडिजेस यांनी पेट्या पाहिल्या तेव्हा झाडे जिवंत होती. पूर्वी वीसपैकी एकोणीस झाडे दगावत. आता वीसपैकी एकोणीस जगू लागली, असा लॉडिजेसचा अनुभव सांगितला जातो. १८४२ साली वॉर्डने या पेट्यांवर छोटेखानी पुस्तक लिहिले. तोपर्यंत त्या जगभरच्या बंदरांत पोचल्या होत्या.

वॉर्डच्या पेट्या आणि काचघरांतील कोंडलेली वाफ या दोहोंचा संबंध आपल्या देशात येऊन जुळला. डर्बीशरमधील चॅट्सवर्थ येथे ड्यूक ऑफ डेव्हनशर याच्या उद्यानाचा प्रमुख जोसेफ पॅक्स्टन हा होता. त्याने १८३५ साली जॉन गिब्सन या तरुण माळ्याला ऑर्किडांच्या शोधासाठी हिंदुस्थानात धाडले. नवे गव्हर्नर-जनरल लॉर्ड ऑक्लंड ज्या जहाजाने येत होते, त्याच जहाजाने गिब्सन १८३६ साली कलकत्त्यास उतरला. तेथील वनस्पती-उद्यानाचे अधीक्षक डॉ. वालिख यांच्या साहाय्याने तो खासी टेकड्यांत चेरापुंजीला गेला. १८३७ साली तो परतला तेव्हा त्याच्याबरोबर कित्येक नवी ऑर्किडे होती, आणि वॉर्डच्या पेटीतून नेलेले ॲम्हर्स्टिया हे ब्रह्मदेशातील लाल फुलांचे सुंदर झाडही होते. डेंड्रोबियम वंशातील एका जातीला ड्यूकचे आणि एकीला खुद्द गिब्सनचे नाव मिळाले.

चेरापुंजी म्हणजे पाऊस, असे आपण शाळेत शिकतो. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या एका वर्षात तेथे २६,४६१ मिलिमीटर पाऊस पडला. तो विक्रम ठरला. तेव्हा लिंडलीची उपपत्ती कोठे खरी ठरायची तर ती येथेच. पण चेरापुंजीचे पठार समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरांहून उंच आहे. तेथे वारा वाहतो, रात्री गार असतात आणि पावसाळा सरला की हिवाळ्याचे महिने जवळजवळ कोरडे जातात. ऑर्किडांची मुळे पावसात भिजतात, पण ती वाऱ्याने वाळतातही. जाड पानांत आणि फुगीर खोडांत साठवलेल्या पाण्यावर ती कोरडे दिवस काढतात, आणि अनेक जातींत या विश्रांतीनंतरच कळ्या धरतात. सह्याद्रीतील सीतेची वेणीही चार महिने भिजते आणि आठ महिने उन्हा-वाऱ्यात तगून राहते. लिंडलीच्या चित्रात पाऊस होता, पण वारा नव्हता. उन्हाळा होता, पण रात्र नव्हती.

देशोदेशींच्या संग्राहकांकडून असे वृत्तांत येऊ लागले, तसे लिंडलीनेही आपले मत बदलले. पॅक्स्टनने तर व्यवस्थाच बदलली. त्याने सर्व ऑर्किडे एका घरात न कोंडता त्यांच्या मूळ प्रदेशांप्रमाणे निरनिराळ्या तपमानांच्या घरांत वाटली. झरोके उघडून हवा खेळती केली. वाफ सोडण्याऐवजी फरशी आणि वाटा भिजवून ओल हलके हलके वर चढू दिली. ओलीबरोबर वारा आणि उबेबरोबर गारवा असलाच पाहिजे, हा धडा इंग्लंड तेव्हा शिकले.

वॉर्डच्या पेट्यांनी मात्र याहून मोठे, आणि सर्वस्वी निर्दोष म्हणता येणार नाही असे, कार्य केले. ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने रॉबर्ट फॉर्च्यून याने १८४८ ते १८५१ या काळात चीनच्या अंतर्भागात चिनी वेष करून प्रवास केला आणि चहाची रोपे व बी या पेट्यांतून हिंदुस्थानात पाठविले. त्याच्या आरंभीच्या एका खेपेतील पेट्या वाटेत उघडल्या गेल्या आणि बहुसंख्य रोपे नष्ट झाली. बंद काचेआड रोपे जगली कशी, हे न कळता कोणी ती उघडली, की पेटीतला सारा मेळ बिघडे. पुढे फॉर्च्यूनने पेटीतील मातीतच चहाचे बी पेरले; ते प्रवासातच रुजले, आणि बारा हजारांहून अधिक रोपे हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांसाठी सुखरूप पोचली. चहावरील चीनच्या मक्तेदारीला या पेट्यांनी हादरा दिला, यात शंका नाही. आसामच्या मळ्यांत मात्र पुढे तेथील रानात आढळलेल्या स्थानिक चहानेच बाजी मारली, हेही सांगितले पाहिजे.

हिवतापावरील क्विनाइन ज्याच्या सालीतून निघते त्या सिंकोनाचीही कथा अशीच आहे. क्लेमेंट्स मार्कम याने १८६० साली पेरूच्या डोंगरांतून ही रोपे पेट्यांत भरून इंग्लंडमार्गे हिंदुस्थानात आणली. पण तांबड्या समुद्राच्या उष्म्याने ती इतकी खचली की निलगिरीत पोचल्यावर त्यांतले एकही जगले नाही. बंद पेटी ओल धरून ठेवते, पण उष्णता बाहेर जाऊ देत नाही, ही तिची मर्यादा येथे उघडी पडली. इक्वेडोरमधून रिचर्ड स्प्रूस आणि रॉबर्ट क्रॉस यांनी मिळविलेली रोपे पुढच्या वर्षी सुखरूप आली आणि उटकमंडच्या उद्यानात मॅकायव्हर या अधीक्षकाने त्यांची वाढ केली. याच काळात महाबळेश्वरला लिंगमळ्यावरही सिंकोनाची लागवड करून पाहिली गेली. उंची होती, गारवा होता. पण सह्याद्रीचा पाऊस त्या झाडांना सोसला नाही आणि तो प्रयत्न फसला. हवेत ओल हवी म्हणून पाय पाण्यात हवेत असे नव्हे, हे महाबळेश्वरने शिकविले.

या पेट्यांमुळे हिवतापाच्या रोग्याला औषध स्वस्त झाले, हे खरे. पण ज्या देशांची ही धने होती त्यांना विचारून ती नेली गेली नाहीत, आणि रोपांच्या मातीबरोबर कीड आणि रोगही देशोदेशी गेले, हेही तितकेच खरे. ज्या काचेने झाडाचा श्वास जपला, तिने किडीचाही जपला.

एवढ्या खटाटोपाने युरोपाने जे हस्तगत केले, ते आपल्याकडील एका साध्या कारागिरीत शतकानुशतके नांदत होते. बंगाल, ओरिसा, बिहार, बुंदेलखंड येथे प्रवास करणाऱ्यांनी शेतात बोरू, ताग, बांबू आणि गवत यांनी शाकारलेल्या बसक्या, अंधाऱ्या झोपड्या पाहिल्या असतील. ती विड्याच्या पानाची बरेजे होत. बंगालमधील बारुई समाजाचे नावच त्यावरून पडले. नागवेलीला दमट, सावलीची, निवांत हवा लागते. बरेजाच्या कुडातून ऊन गाळून येते, झोत अडतो, पण वाऱ्याची झुळूक आत फिरते. पाणी एकदम तुंबवीत नाहीत. थोडे थोडे, वरचेवर देतात. आत शिरताना पादत्राणे बाहेर ठेवण्याची रीत आहे. ती धार्मिक भावनेची असली तरी बाहेरचा रोग आत येऊ न देण्याच्या कामीही ती येत असली पाहिजे. विदर्भातील बारी आणि बरई समाजाने, तसेच महाराष्ट्रातील इतर पानमळेवाल्यांनी शेवरी, हादगा, पांगारा अशा जिवंत झाडांचा मांडव करून हेच साधले. ओल जास्त झाली की वेल कुजते आणि उभा मळा आठ-पंधरा दिवसांत बसतो, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणूनच त्यांची भिंत काचेची नाही, कुडाची आहे. लिंडलीने १८३० साली बंगालमधील एखाद्या बरेजात एक दिवस काढला असता, तर कदाचित त्याचा निबंध वेगळा झाला असता.

पॅक्स्टनने चॅट्सवर्थला १८३६ ते १८४० या काळात उभारलेले महाकाय काचघर २७७ फूट लांब आणि १२३ फूट रुंद होते. त्याच्या खाली आठ बंब धगधगत. १८४३ साली राणी व्हिक्टोरिया त्यातून घोडागाडीत बसून हिंडली होती. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना. बंब थंडावले आणि आतील उष्ण कटिबंध गारठून मेला. १९२० साली ते घर सुरुंग लावून पाडण्यात आले. माणसाने बांधलेले हवामान माणसाच्या हातावर जगते. हात आखडला की ते संपते.

मात्र विद्या संपली नाही. १९४९ साली अमेरिकेत पासाडेना येथे फ्रिट्स वेंट याच्या मार्गदर्शनाखाली ‘फायटोट्रॉन’ नावाची प्रयोगशाळा सुरू झाली. तेथे प्रकाश, तपमान आणि आर्द्रता ही तिन्ही स्वतंत्रपणे फिरविता येत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतही १९९७ पासून अशी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. आज तर घरातल्या एका खोलीतही दिव्यांच्या उजेडात भाजी, अळिंबी किंवा ऑर्किडे वाढविणारे हौशी लोक आहेत. आणि हवा दमट करणारी तऱ्हेतऱ्हेची यंत्रे त्यांच्यासाठी बाजारात मिळतात. काही पाणी उकळून वाफ सोडतात, काही ओल्या पडद्यातून वारा ओढतात, काही ध्वनीच्या कंपनाने पाण्याचे धुके करतात. वाफेचे यंत्र खोली तापवते, ओला पडदा ती गार करतो, आणि धुक्याच्या यंत्रात जड पाणी घातले तर क्षारांची पांढरी पूड पानांवर बसते. यंत्र निवडायचे ते हे सर्व ध्यानात घेऊन.

पण यंत्राच्या आधी हिशेब हवा. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच खोलीत तीस घनमीटर हवा मावते. पंचवीस अंशांवर तिची आर्द्रता तीस टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर न्यायला जेमतेम दोनशे ग्रॅम, म्हणजे पेलाभर पाणी पुरते. मात्र खोलीतील हवा तासातून एकदा बदलत असेल, तर हा पेला दर तासाला ओतावा लागतो. म्हणून यंत्राची ताकद खोलीच्या आकारावरून नव्हे, तर तिच्या वायुवीजनावरून ठरवावी लागते. आता हेल्सचे सूर्यफूल आठवावे. तशी दहा मोठी झाडे त्या खोलीत असतील, तर ती स्वतःच दिवसाला पाच-साडेपाच लिटर पाणी हवेत सोडतील. कोवळ्या रोपांच्या खोलीला ओल द्यावी लागते; भरल्या खोलीतून ती काढून घ्यावी लागते. दिवसा पंचवीस अंशांवर साठ टक्के भरलेली हवा रात्री पंधरा अंशांवर आली, तर तिला आपले बाष्प पेलवत नाही. ते दव होऊन पानांवर उतरते आणि त्या दवात बुरशी रुजते. तसेच, पन्नास टक्के आर्द्रता हा आकडा एकटा निरर्थक आहे: तीस अंशांवर अशा हवेला घनमीटरमागे पंधरा ग्रॅम पाण्याची तहान असते, पंधरा अंशांवर साडेसहा ग्रॅमांचीच.

या विद्येचा सर्वांत हृद्य उपयोग आज जळगावच्या बाजूला पाहावयास मिळतो. केळीची रोपे प्रयोगशाळेत काचेच्या बाटल्यांत, ऊतीच्या सूक्ष्म तुकड्यापासून वाढविली जातात. बाटलीतील हवा वॉर्डच्या बाटलीसारखीच बाष्पाने भरलेली असते. तेथे वाढलेल्या पानावर मेणाचा थर नीट बसलेला नसतो आणि त्याची रंध्रे मिटावयास शिकलेली नसतात. असे रोप एकदम उन्हात लावले तर ते घटकाभरात माना टाकते. म्हणून ते आधी धुक्याच्या घरात, मग सावलीच्या जाळीखाली, असे काही आठवडे ठेवले जाते, आणि हवेतील ओल दिवसेंदिवस कमी केली जाते. नवे पान फुटते ते जगाची कोरडी हवा सोसणारे असते. मग ते रोप खानदेशातील शेतकऱ्याच्या हाती जाते.

हेल्सच्या तराजूपासून या रोपापर्यंतचा प्रवास जवळजवळ तीनशे वर्षांचा आहे. माणसाने प्रथम झाडाला ओल दिली नाही, मग ती नको इतकी दिली, आणि शेवटी ती योग्य वेळी कमी कशी करावी हे शिकला. झाड कोठून आले, तेथला वारा कसा होता आणि तेथली रात्र किती गार होती, हे ज्याने विचारले त्याचे झाड जगले. आर्द्रतामापकाचा काटा बाकीचे सारे सांगतो. हा प्रश्न मात्र माळ्यालाच विचारावा लागतो.